हेड ओव्हनमध्ये

३ मार्च, सोमवार

लग्न झालं त्या वर्षी मी खिडकीशी भरतकाम घेऊन बसायची आणि सुईत दोरा हे ओवून द्यायचे. मला दिसत होतं सगळं, तरी मी सुई पुढे करायची. ग्रीसचे हात पँटला पुसून एका झटक्यात दोरा आरपार. "कॉन्व्हेंटात एवढंही शिकवलं नाही का, मॅडम?"

आज ह्यांना शर्टाचं बटण लावता आलं नाही. मी पाहिलंच नाही असं दाखवलं.

५ मार्च

डॉक्टरीणबाईंच्या प्रसूतिगृहातला जनरेटर दुरुस्तीला आला. ह्यांच्या दुकानात नाही, घरी उतरवून घेतला, मागच्या व्हरांड्यात. दुकानात लोक बघत उभे राहतात.

चालू केला की निळा धूर. हे कान लावून म्हणाले, "व्हॉल्व्ह गाईड गेलेत." व्हॉल्व्ह ज्या नळीतून वरखाली सरकतो, तो गाईड. झिजला की व्हॉल्व्ह डुगडुगतो, तेल खाली उतरून जळतं. इतकी वर्षं ह्यांना जेवायला वाढता वाढता एवढं तर कोणीही शिकेल.

बाईंना रविवारपर्यंत हवाय. "बाळंतपणं थांबत नाहीत हो, मिस्त्री." निघताना मला हळूच म्हणाल्या, "मिस्त्रींना थंडी वाजतेय का?"

हो म्हटलं. बाहेर ऊन रणरणत होतं.

६ मार्च

भावजी आले. "दादा, दुकान भाड्याने देऊन टाक. झालं की आता वय."

"आधी हे इंजिन जाऊ दे. मग बोल."

ते गेल्यावर मला म्हणाले, "हे धुरकटच परत गेलं तर बाई माझे हात बघायला मागतील. मग कसला मिस्त्री मी?"

मी उठून भांडी घासली.

७ मार्च

हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, ओव्हनमध्ये; नवे गाईड फ्रीझरमध्ये मटारांशेजारी. तापलं की हेडचं भोक पसरतं, गारठला की गाईड आकसतो, म्हणून बसतो. जुने निघाले नीट.

नवा बसवताना ठोकायचा दांडा, पंच, ह्यांनीच धरला. "मी धरू का?" "नको." हातोडी तिरकी पडली. गाईड कलला, कड फुटली.

हे आत जाऊन पलंगाच्या काठावर बसले. हेड गार होत राहिलं.

नवा जोड आणायला मीच गेले. स्पेअरवाला हसला. "काय वहिनी, मिस्त्रींच्या हातून गाईड फुटला?"

"माझ्या हातून."

"मग बरोबर आहे!"

येताना रस्ताभर डोकं तापलेलं. तरी बरंही वाटत होतं.

८ मार्च

आज पंच माझ्या हातात. हे शेजारी स्टुलावर, हात मांड्यांखाली दाबून.

"सरळ ठोक. घाबरतेस काय? केक काय थरथरत काढतेस ओव्हनमधून?"

दोन्ही बसले. मग रीमर, फिरवून भोक तासायची सळई. गाईड आत बसताना आवळतो, तो आतून मापाला आणायचा. "उलटा फिरवायचा नाही. बाहेर काढतानाही सुलटाच. उलटा फिरवलास की ओरखडा, आणि ओरखडा म्हणजे पुन्हा धूर."

दुसऱ्यात रीमर अर्ध्यावर अडकला. माझं मनगट आपोआप मागे वळायला लागलं.

"अंहं."

"अडकलाय हो."

"माहीत आहे. तेल सोड. जोर नको. पुढेच."

घामाने चष्मा खाली येत होता. ह्यांनी तो बोटाने वर ढकलला. बोट माझ्या कपाळावर थरथरत राहिलं. रीमर सुटला. पुढेच.

पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासले, पुसले, हेड चढवलं. चालू केल्यावर ह्यांनी माझा पांढरा रुमाल धुराड्यापुढे धरला. डाग नाही.

मग ह्यांनी दोन वेळा चहा मागितला.

९ मार्च, रविवार

बाई म्हणाल्या, "हात अजून पक्का आहे हं, मिस्त्री." मी मान डोलावली. ह्यांनी नाही. "हात हिचा आहे. माझे हे बघा," म्हणून दोन्ही हात त्यांच्यासमोर टेबलावर ठेवले. बाईंनी ते आपल्या हातात घेतले, उद्या दवाखान्यात बोलावलंय.

जेवणानंतर मला म्हणाले, लिहून ठेव. मोठे पाने स्पेअरवाल्याला. छोटी हातोडी भावजींना, खिळे तरी ठोकतील. दुकान भाड्याने जाणार नाही. रीमर आणि दुकानाची किल्ली तुला.