रिकाम्या ओटीनं जाऊ नये

६ जानेवारी, सोमवार

पोहोचले एकदाची! निपाणीहून वडापच्या खचाखच जीपनं आले. मांडीवर माझी बॅग आणि बॅगेवर शेजारणीची कोंबडी. माळेवाडी म्हणजे चहूकडं तंबाखूची शेतं, मध्ये घरं आणि एका टोकाला ओढा. ओढ्याच्या पलीकडं महाराष्ट्र. त्या काठानं दोन पावलं चाललं की मोबाईल दुसऱ्या राज्यात स्वागत करतो. मला हसूच आलं.

माझी नर्स म्हणून नेमणूक झालेल्या आरोग्य उपकेंद्राची इमारत नवी आहे, मागं राहायला खोली. पंखा फिरतो, नळाला पाणी आहे, आणखी काय पाहिजे? बेळगावातल्या वडगावच्या आमच्या घरात दिवसभर मागांचा खडखडाट. इथं इतकं सामसूम की कानाला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

शेजारी बाळाबाई आणि त्यांचे मालक नागोजीआप्पा राहतात. दोघं दिवसभर विड्या वळतात. बाळाबाईंनी जेवायलाच बोलावलं. भाकरी, खर्डा, वर दही. निघताना त्यांनी पदर पसरायला लावला आणि तांदूळ, नारळ, हळकुंड घालून ओटी भरली. घरात आलेली सवाष्ण रिकाम्या ओटीनं जाऊ नये म्हणाल्या. नवरा किशन तिकडं फौजेत सीमेवर, मी इकडं परगावी, आई तर कधीच गेली. कुणी अशी मायेनं ओटी भरली की माझे डोळे लगेच वाहतात. वाहिले.

रूपालीला फोन करून सगळं सांगितलं. माझी एकुलती धाकटी बहीण, तिला सातवा लागलाय. आधीची दोन हाताशी आली नाहीत, म्हणून यावेळी सगळ्यांचा जीव मुठीत. नऊ फेब्रुवारीच्या रविवारी डोहाळजेवण आहे. आमच्या वडिलांनी, आप्पांनी, तिच्यासाठी हिरवी साडी मागावर लावलीय. तिचा हुकूम आहे की पहिली ओटी आक्कानंच भरायची.

९ जानेवारी, गुरुवार

मारुतीच्या देवळात पहिली आरोग्यसभा घेतली. खात्याची चित्रं आली ती सगळी कानडीत. मी दुपारी बसून त्यांवरचा मजकूर मराठीत लिहून काढला. पाणी उकळून गार करून प्या. तंबाखू कुटताना नाकातोंडाला ओलं फडकं बांधा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, लाजू नका.

मग पक्षाघात कसा ओळखायचा ते करून दाखवलं. माणसाला हसायला सांगा, तोंड एकीकडं ओढतंय का बघा. दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतोय का बघा. एक वाक्य बोलायला सांगा. तिन्हीतलं एक जरी बिघडलं तरी गाडी बोलवा, लिंबू उतरवत बसू नका. बायका तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. गावची आशासेविका अंजनी तर म्हणाली की आमच्या सासूबाईंचं तोंड जन्मापासून वाकडंच हाय, त्यांना कुठं न्यायचं?

नागोजीआप्पा खोकत होते. त्यांचा खोकला ओळखीचा झालाय: तीन-चार ढासा, आणि शेवटी बारीक शीळ. थुंकी घेतली.

१५ जानेवारी, बुधवार

संक्रांतीच्या हळदीकुंकवाची झोड उठलीय. ज्या घरी रक्तदाब बघायला जावं त्या घरी ओटी. तांदळाचा डबा भरून वाहतोय. ओटीचे तांदूळ टाकायचे नसतात, रोज मऊ भात करून खाते.

नागोजीआप्पांचा खोकला एकदम थांबला! थुंकी साफ आली आणि खोकलाही गेला. फडक्याचा आणि वाफेचा गुण. बाळाबाई म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या हाताला लई गुण हाय बघा." मी वरवर लाजले, आतून फुगले. बेळगावात दहा वर्षं मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली बोलणी खाल्ली, इथं आठवड्यात नाव झालं.

माझाच घसा जरा खवखवतोय. गुळण्या करते.

२० जानेवारी, सोमवार

अंजनीला कावीळ झाली होती. डोळे हळदीसारखे, लघवी गडद, जेवण नको. तिच्या घरी जाऊन विश्रांती, उकळलेलं पाणी, साधं खाणं सगळं समजावलं, तपासणीची चिठ्ठी दिली. निघताना तिनं उठून ओटी भरली. परवाची गोष्ट. आज ती पांढऱ्याशुभ्र डोळ्यांनी कामावर हजर. कावीळ अशी पळत नाही. आठवडे जातात. मी तिला पुन्हा रक्त तपासायला लावलं तर ती नुसती हसली.

मला खोकला झालाय. आज लक्षात आलं, शेवटी बारीक शीळ येते.

२४ जानेवारी, शुक्रवार

मन खात होतं म्हणून मंगळवारी गावातल्या म्हाताऱ्या मनुबाईंकडं गेले तेव्हा ओटी नको म्हटलं. घाई आहे, पुन्हा येईन. त्यांच्या नातीला ताप होता. मनुबाईंच्या हातातलं ओटीचं सूप तसंच राहिलं आणि त्यांचा चेहरा असा पडला की जणू मी त्यांच्या घरातलं काही चोरून नेतेय.

पोरीचा ताप उतरेना. ओल्या फडक्यानं पुसा म्हटलं, क्षारपाणी पाजलं, निपाणीला पाठवलं, तिथल्या औषधानंही उतरेना. आज सकाळी मनुबाई सूप घेऊन माझ्या दारात. त्यांनी पाया पडायला घेतलं. म्हातारं माणूस, मी काय करणार? पदर पसरला. तिसऱ्या प्रहराला पोर अंगणात लंगडी घालत होती.

संध्याकाळी मला थंडी भरून आली. थर्मामीटर बघायला दिव्याखाली गेले आणि आरशात नजर गेली. माझे डोळे पिवळे.

२८ जानेवारी, मंगळवार

रक्त दोनदा तपासलं. कावीळ नाही. डोळे मात्र पिवळेच. औषधानं ताप उतरत नाही.

आज बाळाबाईंना या ओट्यांबद्दल सरळ विचारलं. त्यांनी विडी वळता वळता, भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. पूर्वी गावात रोगराई आली की मरीआईचा गाडा करत. त्यात सगळ्यांची दुखणी घालून शिवेपलीकडं सोडत, पुढचं गाव त्याच्या पुढं नेई. मग ओढ्यापलीकडच्यांनी गाडा घेणं बंद केलं. परत ढकलू लागले. गाडा गावातच राहिला, आणि त्या वर्षी घरटी एक गेलं. तेव्हापासून गाडा नाही, ओटी. परगावची सवाष्ण पदरात घेते आणि आपल्या गावी जाते, तिच्याबरोबर ते जातं. ती ज्या घरी आधी पाय ठेवील तिथं उतरतं.

माझ्या आधीच्या जयाबाई सिस्टर लोंढ्याच्या. त्या माहेरी गेल्या. माहेरचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही, बाळाबाईंनीही सांगितलं नाही. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू बी भर की गं कुणाची तरी. भरलेलं घेऊन कशाला बसायचं? रिकामी हो, पोरी."

त्यांचा राग यायला हवा. येत नाही. त्यांच्या आवाजात खरंच माया होती, तेच भयंकर आहे.

मी शिकलेली बाई. हे सगळं थोतांड. पण रूपालीच्या डोहाळजेवणाला जायचं नाही, हे ठरवलं.

३० जानेवारी, गुरुवार

सकाळी बाळाबाईंची किंकाळी. नागोजीआप्पा उंबऱ्यात बसलेले, तोंड उजवीकडं लोंबलेलं, उजवा हात मेल्यासारखा. मीच शिकवलं होतं, मीच ओळखलं. गाडी बोलावली. नागोजीआप्पांना आम्ही दोघी-तिघींनी उचललं. माझे दोन्ही हात त्यांच्या काखेत. तेवढ्यात बाळाबाईंनी माझा पदर ओढून धरला आणि तांदूळ—

नको म्हणून ओरडले. हात सोडले असते तर ते पडले असते. नाही सोडले.

३१ जानेवारी

नागोजीआप्पा निपाणीहून चालत घरी आले. हसतात. दोन्ही हात वर करून मला दाखवले. चांगल्या विद्यार्थ्यासारखे.

चहा पिताना माझ्या तोंडाच्या उजव्या कडेनं सांडला.

१ फेब्रुवारी

डाव्या हातानं लिहितेय. अक्षर माफ.

अंजनीनं निपाणीला नेलं. डोक्याचा स्कॅन केला. काही नाही, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले की झोप घ्या, ताण घेऊ नका. मला हसून दाखवायला सांगितलं. हसले. ते नजर चुकवून लिहीत बसले.

बेळगावला मोठ्या दवाखान्यात जा म्हणाले. तिथं गेले तर घरचे धावत येणार. आप्पा, रूपाली. नाही जायचं. इथंच बसायचं. जे काय आहे ते माझ्यावरच संपू दे.

२ फेब्रुवारी

रूपालीला फोन केला. येऊ नको एवढंच सांगायचं होतं. तोंडातून नुसतं ब्ब, ब्ब. ती घाबरून रडायला लागली, आक्का काय होतंय म्हणून. मी आणखी जोरात. तिनं फोन ठेवला.

डाव्या बोटानं लिहून पाठवलं. येऊ नको. तिचा उलट निरोप आला, मी निघतेच.

माझ्या हातानं मीच बोलावलं तिला.

३ फेब्रुवारी

तांदूळ ओढ्यात टाकून आले. सरपटत म्हटलं तरी चालेल. परत आले तर डबा भरलेला. पुन्हा टाकला. पुन्हा भरलेला.

दार लावून आडवी खाट घातलीय. बाळाबाई बाहेरून म्हणतात, "कोंडून घेऊ नगंस. बहीण येतीया न्हवं? सोन्यासारखी सवाष्ण." त्यांना कुणी सांगितलं?

मारुतीराया, तिचं पोट सांभाळ.

४ फेब्रुवारी, रथसप्तमी

आली. खिडकीतून दिसली. हिरवी साडी— आप्पांनी संपवली वाटतं. केवढी छान दिसते. पोट पुढं, हात कमरेवर, आईसारखी चालते.

बाळाबाई तिच्या पायावर पाणी घालतायत. तिला सांगतायत, तुझी आक्का आजारी हाय, पण पहिली ओटी तिनंच भरायची न्हवं का, आज दिवस बी चांगला, शकुन चुकवू नगं. रूपाली हो म्हणते. ती कधीच नाही म्हणत नाही. वेडी.

खाट त्यांनी कधी बाजूला केली? दार उघडं आहे.

हे पान तिच्यापुढं धरायचं. रूपा, हे वाच. माझ्याकडून काही घेऊ नको. पदर पसरू नको. मागं फीर, वडगावला जाऊ नको, दुसरीकडं— नाही, तुला काही लागलेलंच नाही अजून, घरीच जा, पळ. बाळाची शपथ आहे.

ती उंबऱ्यात. हसतेय. रडतेय. म्हणते, आक्का, आधी ओटी भर, मग वाचते, मग तुला घेऊनच जाते.

सूप माझ्यापुढं कुणी ठेवलं—

उजवा हात हलला. मी नाही हलवला. चार दिवस मेला होता तो. तांदळात गेला. मी डाव्यानं लिहितेय आणि उजवा ओंजळ भरतोय—

धर त्याला— डाव्यानं धरते— वही—

नाही धरला जात.

किती हलकं वाटतंय. ताप नाही. डोळ्यांपुढचं पिवळं गेलं. तोंड सरळ होतंय— जीभ वळली— आता बोलता येईल, आता ओरडते, रूपा—

तिनं पदर