शनिवारचा इंटरव्ह्यू

प्रिय संचिता,

हे पत्र तुझ्या हातात पडेल की नाही, याचीच मला धास्ती आहे. तू मागे एकदा म्हणाली होतीस, "अंकल, कधी खोपटच्या डेपोकडे आलात तर आमच्या ऑफिसात या, चहा पाजते." म्हणून पत्ता ठाऊक आहे. पण वर यायची माझी हिंमत नाही. खाली वॉचमनकडे पाकीट देऊन परत फिरेन. तो ते हरवेल का, उघडून बघेल का, तुझ्याऐवजी तुझ्या साहेबाला देईल का, असे नाही नाही ते विचार येतात. फोन का नाही केला, असं तू विचारशील. फोनवर मला जमत नाही. तुझा आवाज आला की माझ्या तोंडून भलतंच निघतं. आधी मुद्द्याचं लिहितो. आमच्या मुलीचा, क्रिस्टीनाचा शनिवारचा इंटरव्ह्यू होऊ शकत नाही. त्यापायी तुझ्या नोकरीवर काही येईल, या भीतीने मला अन्न गोड लागत नाही. माझं शिक्षण सातवीपर्यंत, तीही नापास. पुढचा जन्म कोलशेतच्या रंगाच्या कंपनीत गेला. लिहिण्यात चुका असतील, त्या पोटात घाल.

क्रिस्टीनाचा फोन आमच्या घरी येशूच्या तसबिरीखालच्या फळीवर असतो. मीच तो चार्ज करतो, रिचार्जही मारतो. त्यावर पहिला फोन आला तो तुझा नव्हता, कुठल्यातरी हिंदी बोलणाऱ्या पोराचा होता. क्रिस्टीना मॅडम आहेत का, त्यांनी ऑनलाइन मास्टर्सचा अर्ज भरायला घेतला होता, लोकांच्या आरोग्याचा कोर्स, तो अर्धवट राहिलाय, असं तो भराभरा बोलला. मी म्हटलं, ती ड्युटीवर आहे. का म्हटलं, मला माहीत नाही. माझी बायको बर्नाडेट समोर बोंबील साफ करत बसली होती. तिचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि परत कामाला लागली. त्यानंतर कितीतरी जणांचे फोन आले, आणि मग तू आलीस. डोंबिवलीची, मराठी बोलणारी. जेवलात का अंकल, असं विचारणारी. कधी तिची मीटिंग, कधी पोलिओचा रविवार, कधी कॅम्प, असं मी काय काय सांगत राहिलो. तू एकदा वैतागून म्हणालीस, "अंकल, मॅडम आरोग्य खात्यात आहेत की देश चालवतात? एक सुट्टी नाही बाईला!" मला हसू आलं. बर्नाडेटसुद्धा हसली. आमच्या घरात कुणी हसल्याला बराच काळ लोटला होता, पोरी.

मग तू म्हणालीस की फॉर्म भरलेला आहे, सर्टिफिकेटं जोडलेली आहेत, फी भरलेली आहे, फक्त हा कोर्स का करायचा आहे तेवढं लिहायचं राहिलंय. "मॅडमना म्हणा, तुम्हाला तोंडी सांगू देत, तुम्ही मला सांगा, मी टाइप करते." मी हो म्हणून बसलो. त्यानंतर मी कल्याणला गेलो, विठ्ठलवाडी स्टेशनच्या पलीकडे, जिथल्या आरोग्य केंद्रात क्रिस्टीना नर्स होती. गल्ल्यांत हिंडलो. सिस्टरचे पापा म्हणून बायांनी मला बसवून घेतलं. मंजुळा नावाच्या एका म्हातारीने सांगितलं, ही पोरगी कुणाच्याही घरी गेली की आधी प्यायला पाणी मागायची. बायांना वाटायचं, बिचारी उन्हातून आलीय. ती पीत पीत बघायची की हंड्यावर झाकण आहे का, पाणी ओगराळ्याने काढतात की हात बुडवून. "आम्हाला कधी शिकवायला बसली नाही बाबा. एक दिवस येताना ओगराळं घेऊन आली, म्हणाली, मावशी, याने द्या, माझ्या हाताला घाम असतो." म्हातारी हसत सांगत होती आणि मी दुसरीकडे बघत होतो. घरी क्रिस्टीना माझ्याशी कामाचं फार बोलायची नाही. एवढंच म्हणायची, "पापा, एका माणसाला गोळी देऊन काय होतंय? सगळी गल्लीच तापलीय. ते कसं उतरवायचं, ते शिकायला पाहिजे." मी म्हणायचो, आधी लग्नाचं बघ. पस्तिशी ओलांडलेल्या मुलीला बाप दुसरं काय म्हणणार.

ते सगळं मी तुला फोनवर सांगितलं, जसं काही तीच आत बसून मला सांगतेय. नंतर अर्ज पक्का करायचा नंबर फोनवर आला, तो तू विचारलास आणि मी आकडा आकडा वाचून दाखवला. तेव्हाच थांबायला हवं होतं. मला वाटलं, कागद आहे, कुठेतरी पडून राहील. शिकलेल्या लोकांच्या गोष्टी किती लवकर पुढे सरकतात, हे मला काय ठाऊक?

गेल्या सोमवारी तुझा फोन आला तेव्हा तो स्पीकरवर होता. "अंकल, पेढे काढा! मॅडमचं सिलेक्शन झालंय, शनिवारी फक्त व्हिडिओवर इंटरव्ह्यू." मग तू समजावून सांगितलंस, की पाठीमागे पांढरी भिंत हवी, उजेड तोंडावर हवा, पंख्याचा आवाज नको. मी हं हं करत होतो. बर्नाडेट उठली. तिने कपाटातून पांढरी चादर काढली, ती धुतली, इस्त्री केली आणि खाडीकडच्या खिडकीसमोरच्या भिंतीवर खिळे ठोकून लावली. समोर खुर्ची ठेवली. क्रिस्टीनाचा जांभळा ड्रेस काढून दाराच्या खुंटीला लावला. मला विचारलं, "किती वाजता म्हणाली ती पोरगी?" बर्नाडेटचं डोकं शाबूत आहे. बाजाराचा हिशोब ती अजून तोंडी करते. मग हे काय? मंगळवारी दमून मी त्या खुर्चीत टेकलो, तर म्हणाली, "तिथं बसू नको, तिला लागेल."

तेव्हापासून मी त्या खुर्चीला वळसा घालून जातो. दुपारी खाडीचा वारा सुटला की चादर मधोमध फुगते, मागे कुणी पाठ टेकून उभं राहावं तशी. फळीवरचा फोन मध्येच आपोआप उजळतो. फोन कंपनीचा मेसेज असतो, मला कळतं. तरी उठून बघून येतो. काल वरणाला फोडणी देता देता बर्नाडेट म्हणाली, "तिला सांग, घाईघाईत बोलू नको म्हणावं. तिची सवय आहे." मी बरं म्हटलं. मला माझ्या बायकोची भीती वाटते, संचिता. आणि तिच्यापेक्षा जास्त भीती शनिवारची. वेळ होईल, ती खुर्चीकडे बघत बसेल, आणि खुर्ची रिकामी राहील. त्यानंतर तिचं काय होईल, याचा विचार माझ्याने होत नाही.

क्रिस्टीना नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. गल्लीतल्या लोकांच्या तपासण्या करताना तिला ताप भरला आणि ती केंद्रातून परस्पर हॉस्पिटलात गेली. घरी आलीच नाही. पेटी उघडू दिली नाही. अंगभर प्लास्टिक घातलेल्या चार परक्या माणसांनी माती दिली, आम्ही दोघं सिमेट्रीच्या फाटकापाशी उभे होतो. परत आलो तोवर गावात सगळ्यांना कळलेलं होतं. कुणी विचारायला आलं नाही, यायची सोयच नव्हती. त्यामुळे मला ते कधी कुणाला सांगावंच लागलं नाही. बर्नाडेटने एकदाही माझ्यासमोर तो शब्द उच्चारला नाही आणि मला उच्चारू दिला नाही. आम्ही "तेव्हा" असं म्हणतो. तेव्हा आंबा फळला होता. तेव्हा तुझी चप्पल तुटली होती. आज 'गेली' हा शब्द मी पहिल्यांदा लिहिला, ते बघायला हात थांबवून चष्मा पुसावा लागला. आणि माझा लोभ ऐक. अख्ख्या जगात क्रिस्टीनाला नावाने विचारणारं फक्त तुमचं ऑफिस उरलं होतं. मी खरं सांगितलं असतं, तर तुम्ही तिचं नाव खोडलं असतं. मग तिला कोण विचारणार होतं?

तुझा साहेब रागावला तर सगळं माझ्यावर घाल, म्हातारा खोटं बोलला म्हण. हे पत्र त्याला दाखव. पण तिचं नाव काढायच्या आधी माझं एक काम कर, त्यासाठीच मी हे लिहायला बसलो. शुक्रवारी दुपारी, बर्नाडेट जेवून ओट्यावर सुपारी कातरत बसते, त्या वेळी क्रिस्टीनाच्या फोनवर एकदा फोन कर. मी तो आम्हा दोघांच्या मध्ये ठेवीन, स्पीकरवर. पत्र वाचलंस हे आवाजात दाखवू नको. रडू नको. रोजच्यासारखं विचार, क्रिस्टीना मॅडम आहेत का. आपणहून बर्नाडेटकडे तोंड करून सांगायला मी कितीदा तरी बसलो आणि उठलो. कुणी विचारलं तर मात्र उत्तर द्यावंच लागतं, आणि या वेळी मी खरं उत्तर देईन. बर्नाडेट उठून जायला लागली तर तिचा हात धरून ठेवीन. मला शब्द फुटायला वेळ लागेल, आवाज आला नाही तर लाइन गेली असं समजू नको. थांबून राहा.

तुझा,
फोनवरचा अंकल,
युजीन