हँगरसमोरचा फोटो

ॲक्रन, ओहायो
ऑगस्ट १९८४, शनिवार संध्याकाळ

गावात पोरांच्या बिनइंजिनाच्या गाड्यांची शर्यत आहे, मोटेल फुल. दिवसभर चादरी बदलल्या, खिशात धाकट्याचं पत्र. "दादा, शाळा सोडली. मलाही तुझ्या विमानाच्या कारखान्यात लाव."

माझा फोटोच नडला. विमानांच्या जुन्या हँगरसमोर उभा राहून काढला नि घरी पाठवताना मागे लिहिलं, इथं कामाला आहे. का लिहिलं? चादरी धुतो असं कसं लिहायचं?

मोटेलवाल्या काकांना सांगितलं. हसले. "अरे इंजिनिअर, खरं कळवून टाक! आणि बारा नंबरला टॉवेल दे."

कळवलं. तो फोटो फाड, असंही लिहिलं. पण त्याचं पत्र यायलाच पंधरा दिवस लागले, माझं जायला तेवढेच लागतील. शाळेची पुस्तकं त्यानं केव्हाच कुणाला देऊन टाकली असतील.