सात नंबरची पाटी

१२ ऑगस्ट १९५८
वाचनालयाच्या मागच्या खोलीतला इंग्रज इंजिनिअरचा संग्रह नव्याने मांडायचे काम कमिटीने मला दिले. योग्य निवड. एकवीस वर्षे रेल्वेच्या पाट्या रंगवल्या, एक अक्षर वाकडे नाही. संग्रहालयशास्त्र स्वतः वाचून शिकलो. दोन पुस्तके, एक पूर्ण.
संकल्प: महिन्याभरात खोलीतून साहेबाची नजर हद्दपार.

१८ ऑगस्ट
वस्तू नंबर सात. सागाची फळी, तीवर कोरलेला वाघ, चंद्र, सूर्य. साहेबाची चिठ्ठी: 'रानटी लोकांचे खेळणे.' संताप आला. हा टाकव्याच्या वरच्या ठाकरवाडीचा वाघदेव. १९१९ साली साहेब शिकारीला गेला आणि उचलून घेऊन आला. हाच मधोमध ठेवणार. नवी पाटी: 'हा देव ठाकरवाडीचा आहे. तो न विचारता आणला.' दोन वाक्यांना सहा दिवस लागले.

२० सप्टेंबर
महिना उलटला. रंग वाळत नाही. दोष लोणावळ्याच्या हवेचा.

५ ऑक्टोबर
ठाकरवाडीला गेलो. संमती घ्यायची, ही माझी पद्धत. भागूबाई वाडीत सर्वांत वडील. त्यांना पाटीचा मजकूर वाचून दाखवला. मग म्हणाल्या, आमचाच हाय तर वाघबारशीला पुजाया घिऊन येतो; इतकी वर्सं नुसत्या जाग्यालाच नारळ फोडतोय. मी समजावले: देव तुमचाच, पण डिस्प्ले एकसंध आहे, मधले काढून चालत नाही. त्यांचा मुलगा शिदू म्हणाला, मंग देव आमाला द्या, पाटी तुमी ठिवा. सूचना अव्यवहार्य.
निघताना भागूबाई म्हणाल्या, त्या गोऱ्यानं न इचारता न्हेला, तुमी इचारून ठिवून घेताय, सायेब.
'सायेब' म्हणाल्या. बरे वाटले.

३० ऑक्टोबर
उद्घाटन ८ नोव्हेंबरला. त्याच दिवशी वाघबारस आहे, असे वाचनालयाचा कारकून सोपान म्हणाला. पत्रिका छापून झाल्यात. नाइलाज.

८ नोव्हेंबर, दुपारी १
पाहुणे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी पाटी खड्या आवाजात वाचली. दारात वाडीची अकरा माणसे, धुतलेल्या कपड्यांत. भागूबाईंनी हेडमास्तरांना ती पुन्हा वाचायला लावली. मग विचारले, ह्ये खरं लिवलंय का नुस्तं बगायला? सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी पाटी तपासली. शुद्धलेखन बरोबर होते. खरे आहे, म्हणालो.
शिदूने फळी उचलली. कडेला धरू नको, खालून धर, असे मी सांगितले. त्याने खालून धरली. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. टाळ्या वाजल्या. हेडमास्तरांनी माझ्या कल्पकतेवर वीस मिनिटे भाषण केले. मी अडवले नाही.

९ नोव्हेंबर
रिकाम्या जागेसाठी नवी पाटी केली: 'इंग्रजांनी ठाकरवाडीचा देव येथे एकोणचाळीस वर्षे डांबून ठेवला.' सोपानने बोटांवर हिशेब केला. म्हणाला, पेंटर, इंग्रज जाऊन अकरा वर्षे झाली. पुढची अकरा कुणी ठेवला, तेही खाली लिहा की.
पाटीवर जागा नाही, म्हणालो.
तो गेल्यावर पट्टी लावून मोजली. एक ओळ बसते.