शांतीअक्काच्या दोऱ्या

१२ जानेवारी
रामनगरहून जोयड्याची बस मिळाली आणि खिडकीची जागाही मिळाली. यापेक्षा चांगला शकुन कोणता. मत्स्यशास्त्राची पदवी घेऊन दोन वर्षं खानापुरात घरी बसले होते. आता नोकरी आहे आणि धरणाच्या पाण्याकाठी खोलीही.

काळी नदी कारवारला समुद्राला मिळते. तिथलं घाण पाणी शिंपले आणि समुद्रशेवाळ वाढवून निवळायचं आहे. त्याआधी इथं, याच नदीच्या धरणात, गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांवर चाचणी. जाळीच्या पिशव्यांत शिंपले भरून दोरीने पाण्यात सोडायचे, ते पाणी गाळतात. धरणाचे दोन कोपरे, दोघीजणी. फेब्रुवारीअखेर जिचं पाणी जास्त निवळेल, ती कारवारची प्रमुख. दुसरी इथलीच शांतीअक्का, चौथी पास. मनात म्हटलं, रेश्मा, बॅग उघडूच नकोस.

२५ जानेवारी
रोज दुपारी बाराला काळी-पांढरी तबकडी पाण्यात सोडतो आणि कुठवर दिसते ते मोजतो. माझी दोन फुटांवर नाहीशी झाली. अक्काची सात फुटांवरही दिसत होती. चाचणीवर देखरेख करणारे महाबळेश्वर सर तिच्या पाण्याची बरणी उन्हात धरून मुलगा पहिला आल्यासारखे हसत होते. माझ्या बरणीकडे त्यांनी पाहिलंही नाही. जेवण गेलं नाही. वर तिनेच माझ्यासाठी नाचणीची भाकरी आणली, तीही चांगली होती. याचा जास्त राग आला.

३ फेब्रुवारी
तिची युक्ती विचारली. म्हणाली, युक्ती कसली, हात धुवायचे आणि सोडायचं. पण एक नेम सांगितला, तो जसाच्या तसा लिहिते: “ज्येनं सोडली त्येनंच काढायची, बाय. दुसऱ्याचा हात लागला की शिंपली त्या हाताचाच मळ काढाय लागत्यात. आन् मळ कुठला, माणूस कुठला, त्येंना कळत न्हाई.”
अडाणीपणा. तिची तबकडी आज आठ फुटांवर.

११ फेब्रुवारी
अक्का बैलगाडीने उळवीच्या जत्रेला गेली. भर दुपारी होडी घेऊन तिच्या सगळ्या दोऱ्या काढल्या आणि माझ्या कोपऱ्यात बांधल्या. माझ्या तिच्याकडे. पिशव्या सारख्याच दिसतात. उचलताना शिंपले किंचित उघडले होते. हात गार पडले, इतकंच.

१४ फेब्रुवारी
माझी तबकडी साडेआठ फूट. सरांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. काय सुख असतं ते.
अक्का परतली. दोऱ्यांच्या गाठी पाहिल्या आणि विचारलं, मी हात लावला का. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, तू हो म्हटल्याशिवाय मला आता त्यांना हात लावता येत नाही; हो म्हटलंस तर मी त्या माझ्या हातानं काढून परत सोडते, मग शिंपली तुझ्या हाताचा मळ काढायची थांबतील. मी पुन्हा नाही म्हटलं. तिला फक्त कारवार हवंय.

१७ फेब्रुवारी
तळहाताची मेंदी गेली. चार दिवसांपूर्वीची, गडद होती. मनगटावरचा जन्मापासूनचा तीळही दिसत नाही.
तबकडी अकरा फूट.

१९ फेब्रुवारी
तळहातावर रेषा नाहीत. एकही नाही. बोटं साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. फोन अंगठा ओळखत नाही.
सरांनी महिनाअखेरची वाट न पाहता कारवारचं पत्र दिलं. सही केली, पेन निसटत होतं. अक्का दारात उभी होती. रडत होती, माझ्यासाठी. मला तेही सहन झालं नाही.

२१ फेब्रुवारी
स्वतःच दोऱ्या काढायला गेले. हात लावताच सगळे शिंपले एकदम उघडले— सोडून पळाले. आता कोपरापर्यंत गार.
आईचा चेहरा आठवत नाही. आवाज आठवतो. नाही, तोही—

२२ फेब्रुवारी
हाताखालच्या वहीच्या ओळी हातातून दिसतात. पाण्यातून दिसाव्यात तशा.
तबकडी तळाला टेकली तरी दिसते. सर खूश.

२३ फेब्रुवारी
अक्का पायरीवर बसलीय, सकाळपासून. म्हणते, कारवार तूच घे, मला नको. नुसतं हो म्हण. एकदाच.
म्हणजे नोकरी तिने दिलेली. जीवही तिनेच दिलेला. आणि गाव म्हणणार, शांतीअक्का किती चांगली.
शाई फिकी पडतेय. की माझा हात—
ती पुन्हा विचारतेय. एकच शब्द आहे. येतोय ओठावर. पण ती चांगली ठरेल, मी नाही, मी कधीच ना