पोत्याखालची नळी

गुरुवार, १२ जून

प्रिय वहिनी,

दादा फोनवर एवढा तुटक का बोलतो, असं तू विचारलंस. तेव्हा मी विषय बदलला. आज लिहून सांगते.

माहेरी तुझी तब्येत कशी आहे? बाळ फार लाथा मारतं म्हणालीस. आपल्या घरचंच आहे, चालायचंच. आई बरी आहे. तुझ्या कुंड्यांना पाणी घालते, म्हणजे आठवलं की घालते.

दादा सोमवारनंतर कामावर गेलेला नाही. आजारी नाही, घाबरू नकोस.

कारखान्यातली गाळाची टाकी साफ करायची होती. टोळी दादाची, हवा तपासायला मी. माझं ते गळ्यात अडकवायचं यंत्र तुला माहीत आहे; दादा त्याला माझं लाडकं पोर म्हणतो. त्याचा छोटा पंप लांब नळीतून टाकीतली हवा ओढतो. विषारी वायू जड, तळाशी बसून राहतो. म्हणून नळी तळाजवळ सोडायची आणि हवा वर येईपर्यंत थांबायचं. मागच्या वेळी नळीनं गाळाचं पाणी ओढलं, पंप बंद पडला आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझी डिग्री काढली. दादा शेजारीच उभा होता.

सोमवारी दादा म्हणाला, तू आकडे बघ, नळीचं मी बघतो. आकडे स्वच्छ आले. टाकीत उतरायच्या परवानगीवर मी सही केली. टोळीतला ढब्बू शिडीवर चढला, तोच ढब्बू, ज्याच्या नकलांवर तू पोट धरून हसायचीस. "ताई, खालून काही हवंय का, येताना आणतो," म्हणाला आणि उतरू लागला.

मी बसायला पोतं ओढलं. त्याखाली नळीचं वेटोळं होतं. निम्मी नळी टाकीत गेलीच नव्हती.

ढब्बूला ओरडून वर बोलावलं. उरलेली नळी सोडली, थांबले. यंत्र किंचाळायला लागलं. मी परवानगी रद्द केली.

दादा मला बाजूला घेऊन म्हणाला, "पुन्हा पाणी ओढलं असतं तर तुलाच बोलले असते गं." वहिनी, त्याच्या मनात एवढंच होतं. या टाकीत तो कितीदा उतरलाय, कधी काही झालं नाही. माझा अपमान मात्र त्यानं डोळ्यांनी पाहिला होता. मग म्हणाला, "कोणाला काही झालं नाही. घरातलं घरात राहू दे."

टोळीही गप्प आहे. साहेबांना वाटतं, गॅस निघाला, काम थांबवलं, मुलगी हुशार. ती शाबासकी मला गिळवत नाही. खरं सांगितलं तर दादाची टोळी जाईल, तेही बाळ येण्याच्या तोंडावर. नाही सांगितलं तर पुढच्या टाकीवर पुन्हा कोणीतरी माझ्यासाठी, किंवा दुसऱ्या कोणासाठी, नळी राखून ठेवील. घरात दादा मी वाढलेलं जेवतो, पण ताटातून मान वर करत नाही. मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहते.

तुला आधी विचारायला हवं होतं. तू थांब म्हणाली असतीस आणि मी थांबले असते. म्हणून तुला न विचारताच आज सकाळी साहेबांना सगळं लिहून दिलं, दादाचं नाव आणि न बघता सही केली म्हणून माझंही. घरी येऊन दादालाही ते सांगितलं. मग हे पत्र लिहायला बसले.

रागावलीस तरी तुझीच,
नणंद