क्लचची जुनी स्प्रिंग आणि मसुऱ्याचे घर

मी, लवू धाकू मेस्त्री, वय अठ्ठावन्न, धंदा यंत्रदुरुस्ती, राहणार मसुरे, तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पोटातले दुखणे बरे होणारे नाही. डोके मात्र शाबूत आहे, आणि रागही.

१. माझ्या कमाईचे राहते घर व मागची सात काजूची झाडे धाकटी बहीण सावित्री, बाबली परबची बायको, हिला द्यावीत. ती साडेपाच वर्षे माझ्याशी बोललेली नाही. तरी द्यावीत.

२. कारण लिहून ठेवतो. सन १९६२ मध्ये भाऊ गुरुदासने गोव्याहून झाडे कापायची यांत्रिक करवत आणली. दुरुस्ती माझ्याकडे. तिला साखळी थांबवणारा ब्रेक नाही. वेगाची लिव्हर सोडल्यावर इंजिन मंद होऊन क्लच सुटतो, तेव्हाच साखळी थांबते. मे महिन्यात क्लच उघडला तर स्प्रिंग ढिली पडलेली. इंजिन मंद करूनही साखळी फिरत राही. मी स्प्रिंग काढली आणि म्हटले, "नवी येयपर्यंत मशीनीक हात लावू नको." गुरुदास म्हणाला, "फणसाचो सौदो ठरलो आसा. कोण थांबतलो?"

तिसऱ्या दिवशी मी मालवणला गेलो असता त्याने तीच स्प्रिंग परत बसवून मशीन बाबलीच्या हाती दिली. फांदी कापून बाबलीने लिव्हर सोडली, आणि साखळी थांबली असे समजून करवत खाली घेतली. त्याचा पाय गुडघ्यापासून गेला.

गुरुदासने गावभर सांगितले, "क्लच लवूनच तपासून दिल्यान." सावित्री माझ्या दारात येऊन ओरडली, "माझ्या घोवाचो पाय तुया घालवलंस!" मी बोलणार, तोच आईने मला आत ओढले. "लवू, तू एकटो जीव. गुरुदासाक चार पोरां आसत. तू जिवंत आसस तवसर ह्या बोलू नको. माझी शपथ आसा." आई तीन वर्षांपूर्वी गेली. शपथ मी पाळली. मेल्यानंतरचे तिने काही सांगितले नव्हते.

३. माझाही दोष आहे. स्प्रिंग कुलपात ठेवायला हवी होती. मी ती खिळ्याला अडकवली. भावाचा स्वभाव मला ठाऊक होता.

४. मशीन अपघातानंतर गुरुदासने माझ्या पडवीत टाकली, ती परत मागितली नाही; नवी स्प्रिंग मी बसवली आहे. ती व सर्व हत्यारे माझा कामातला सोबती महादू याला द्यावीत. महादू, दर आठवड्याला क्लचवरचे झाकण काढ, भुसा आणि तेल पूस, स्प्रिंग ताणून बघ, बेअरिंगला थोडेच ग्रीस दे. मग करवत जमिनीवर घट्ट धरून चालू कर, लिव्हर दाब आणि सोड. साखळी थांबली नाही तर त्या दिवशी काम नाही, मालक कितीही ओरडो.

५. गुरुदासला वस्तू एकही नाही. माझा जीव गेल्यावर दाजी मास्तरांनी हा कागद बाबलीच्या घरी न्यावा आणि गुरुदासने तो सावित्रीसमोर मोठ्याने वाचावा. एवढेच त्याला देतो. दुसऱ्या कलमाशी अडला तर पुढे बाबलीने वाचावे.

६. त्यानंतर सावित्रीची दिवस मावळेपर्यंत वाट बघावी. तोवर प्रेत उचलू नये. ती आली नाही तर महादूने अग्नी द्यावा, आणि तिला कोणी बोल लावू नये.

ठिकाण मसुरे, तारीख १९ नोव्हेंबर १९६७.

सही: लवू धाकू मेस्त्री

आमच्यासमोर सही केली:
दाजी विठोबा सावंत, शाळामास्तर
काशीबाई राणे, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)